लॅमिनेशन केलेले शेअर

"साहेब, एक सुरकुती दिसते का बघा!"

आण्णांनी पाच शेअर सर्टिफिकेटं टेबलावर मांडली. पाचही लॅमिनेशन करून आणलेली.

गंगापूर रोडला मी सब-ब्रोकर होतो, म्हणजे मुंबईच्या ब्रोकरचा इथला माणूस. आण्णा निफाडचे, रिटायर्ड कंडक्टर. त्यांची पहिली खरेदी माझ्याच हातून झाली. शेअर म्हणजे तेव्हा छापील कागद. तो देताना मीच बजावलं होतं, "जिवापाड जपा. फाटला तर पंचाईत!" पुढे डिमॅट आलं. कागद जमा करायचा, शेअर कॉम्प्युटरवरच्या खात्यात येणार, मगच विकायचे.

"काकूंची तब्येत?" मी त्यांच्या बायकोची चौकशी केली.

"डॉक्टर म्हनले, लय थांबू नका. हृदयाची झडप खराब हाय. विकून टाका सगळे."

भाव चढा होता. ऑपरेशन आरामात भागलं असतं.

कंपनीचे शेअर सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारच्या ऑफिसला मी फोन लावला.

"लॅमिनेटेड? नाही चालणार. कागद अस्सल की नकली, तपासणार कसं? डुप्लिकेटसाठी अर्ज करा."

"किती दिवस?"

"अ‍ॅफिडेव्हिट, बॉण्ड... महिने लागतील."

"अहो, घरात पेशंट आहे!"

"नियम आहे, साहेब."

इकडे आण्णा नखाने प्लास्टिकचा कोपरा उचकटायला लागले. मी हात धरला. कागदच फाटला असता.

तोवर पैसे मी देतो म्हटलं. आण्णा तयार होते. काकूच अडून बसल्या. "आपले पैसे हायेत ना? मग कुनापुढं हात का पसरायचा? येतील तवा करू."

डुप्लिकेट यायला सात महिने लागले. पाचव्या महिन्यात काकू गेल्या. भावही तोवर आपटला होता, पण त्याचं आता कोणाला सुतक?

आण्णा आले. वर्तमानपत्राची घडी उलगडून त्यांनी नवे कागद पुढे ठेवले.

"ह्याला काय केलं नाय, साहेब. जसं आलं तसं आनलं."

मला मान वर करता येईना. लॅमिनेशन त्यांनी केलं खरं, पण अक्कल मी गहाण ठेवली होती.

त्यानंतर नवखं गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारायचो, घरात कोणी आजारी आहे का? असेल तर सरळ बँकेत पाठवायचो. औषधाचा पैसा शेअरमध्ये नको. आणि कोणाकडे जुना कागद असेल, तर जपा म्हणताना कसा जपायचा, तेही सांगायचो. फाइलमध्ये सुटा ठेवा, बाकी काही करू नका. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.