बांधावरून सोळा आणे

सर्कल बांधावर कधी थांबत नसत. बोलता बोलता चप्पल हातात घ्यायचे, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि सरळ उभ्या बाजरीत शिरायचे. मालक मागून ओरडायचा, "अवो सर्कल, हितनं बगा की! हितनं समदं दिसतंय!" तोवर त्यांची फक्त टोपी दिसत असायची. बाहेर आले की सदऱ्याला कुसं चिकटलेली, हातांवर ओरखडे. ती कुसं झटकत म्हणायचे, "बांधावरनं समद्यांचंच पीक सोळा आने असतं."

त्यांचं नाव रंगनाथराव. राहुरी तालुक्यात मंडळ अधिकारी होते, आणि त्या अधिकाऱ्याला आमच्याकडे सर्कलच म्हणतात. निवृत्तीनंतरही नाव गेलं नाही, तशी खोडही गेली नाही. कुणाच्याही शेताकडे चहाला गेले तरी आधी पिकात शिरत. आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणत. त्या 'मास्तर'मध्ये आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नोकरीभर त्यांनी आणेवारी केली. सरकारी कागदावर आता तिला पैसेवारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी आणेच आहेत. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, आणि गाव आठाच्या खाली गेलं की दुष्काळ जाहीर. गाव म्हणायचं सात लावा, वरून सूचना यायची नऊ लावा. सर्कल दोघांना चहा पाजायचे आणि शेतात जाऊन मोजायचे. शेताच्या ज्या कोपऱ्याचा सोडतीत नंबर निघेल तोच कोपरा कापायचा, झोडपायचा, तोलायचा. "मालक दावील त्यो तुकडा कापायचा नसतो मास्तर. मालक वाईट असतो म्हनून न्हाई. त्यालाबी आपला चांगलाच तुकडा दिसत असतो."

निवृत्त झाल्यावर पिकं मोजायची राहिली नाहीत, मग त्यांनी जगाची आणेवारी लावायला घेतली. कुणी पंपाच्या पाइपाला लोहचुंबक बांधून 'ऊर्जित पाणी' देऊ लागला, सर्कल जाऊन बघून आले. "एक आना. मोटार चालू हाय, तेवढा." पानाचा फोटो काढला की रोग सांगणारं मोबाईलमधलं ॲप आलं, त्याला नऊ आणे. "पानाचा रोग वळखतं. मुळाचा रोग असंल तरी पानाचाच सांगतं." मंगल कार्यालयात सूटबूट घातलेला एक वक्ता येऊन गेला. मनात घट्ट धरलं की विश्व आपलं ऐकतं, असं त्याचं तत्त्वज्ञान. पोरं भारावून गेली होती. सर्कल म्हणाले, "तीन आने. पोरगं सकाळी उठून कामाला लागलं, त्याचे तीन. इश्व ऐकतं म्हनतो, ते मला पीक कापनीत कधी घावलं न्हाई."

मला याचा राग यायचा. मी विवेकाची व्याख्यानं देत हिंडणारा माणूस. माझ्याकडे दोनच कप्पे, विज्ञान आणि थोतांड. सर्कल विज्ञानालाही सोळा देत नसत. लशीला साडेपंधरा. अर्धा आणा कुठं गेला विचारलं, तर म्हणे, "पोराला दोन दिस ताप येतो का न्हाई?" एकदा मी मुद्दाम शिंगणापूरच्या बिनदाराच्या घरांचं काढलं. म्हणाले, "चौकटीला दार न्हाई, हे सोळा आने. फुडचं मी आत जाऊन मोजलेलं न्हाई." मी हसलो.

मात्र शून्य ते कुणालाच देत नसत. हीच त्यांची मेख होती. "जळाल्या रानातनंबी कडबा निघतो," म्हणायचे.

आणि त्या कडब्यानंच घात केला.

हौसाकाकू, त्यांच्या पत्नी, कित्येक वर्षं शुगरच्या पेशंट. रोज इन्सुलिनची सुई. पोटावर टोचून टोचून कातडी निबर झालेली. मला दारात पाहिलं की म्हणायच्या, "या मास्तर, चाळनी झालेल्या बाईच्या घरी." हसून म्हणायच्या, पण सुईची वेळ झाली की त्यांचा चेहरा उतरायचा. एके दिवशी मोटारसायकलवरून एक माणूस जांभूळबियांची पूड घेऊन आला. शुगर मुळासकट जाते म्हणाला. खिशातून बऱ्या झालेल्या लोकांचे फोटो काढले. मी ओट्यावरच म्हणालो, "थोतांड आहे." सर्कलनी त्या फोटोंकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढचे काही दिवस ते पूड घेणाऱ्या दुसऱ्याच घरांतून फिरले, विक्रेत्यानं न सांगितलेल्या. परत येऊन ओट्यावर टेकले. "चार आने. काहींची साखर वाईच उतरलीया. मुळासकट बिळासकट काय न्हाई."

काकू उंबऱ्यात मेथी निवडत होत्या. चार आणे त्यांनीही ऐकले.

त्यांनी पूड आणवली आणि सुई सोडली. चोरून. सिरिंज रोज डब्यातून काढायच्या आणि रिकामी करून ठेवून द्यायच्या. चप्पल लागून टाचेला जखम झाली ती भरेना, काळी पडली, तेव्हा घरात कळलं. नगरच्या दवाखान्यात उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

दवाखान्याच्या बाकावर सर्कल बसले होते. टोपी मांडीवर. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काका, त्या दिवशी सरळ थोतांड म्हणाला असतात तर?"

त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल झालेले. "तुमी म्हनला हुता की तिच्या तोंडावर. ऐकलं का तिनं? तुमी तिच्या आल्याच्या काढ्यालाबी थोतांडच म्हनता, मास्तर. त्यानं तिचा घसा बरा हुतो. मंग तुमचं कशाला ऐकंल ती?"

मग ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तिनं माजं ऐकलं. मी पुडीचे आने लावले. सुई सोडायचे किती, ते कोनी इचारलं न्हाई आन् मी सांगितलं न्हाई." हे वाक्य ते त्या आठवड्यात कितीतरी वेळा बोलले. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचीच लाज वाटली.

शुद्धीवर आल्यावर काकूंना मात्र कुणावर राग धरायचा नव्हता. "अवो, चार तर चार. मला चारच पायजे हुते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सुई किती दुखती, हे घरात कोनी इचारलं हुतं का कधी?" सर्कल भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

घरी आल्यावर त्यांनी आणेवारी बंद केली. लोक यायचे, विचारायचे, ते हात जोडायचे. "माजं माप खोटं निघालं. दुसरीकडं जावा." पिकात शिरणंही थांबलं. सकाळी काकूंची सुई स्वतः भरून द्यायची, टोचताना त्यांचा हात धरायचा, आणि दिवसभर ओट्यावर बसून राहायचं. मी दोन कप्प्यांत आनंदी असणारा माणूस, पण त्यांना तसं गप्प बघणं मला सोसेना. माप खोटं नव्हतं, असं मला वाटू लागलं होतं. पण सांगणार कसं?

मग एकदा खालच्या वस्तीवरचा एक जण बापाला घेऊन आला. बापाच्या हृदयाच्या गोळ्या चालू होत्या आणि मनगटात नवं तांब्याचं कडं होतं. "कडं घातलंय, गोळ्या बंद करू का?" सर्कलनी नेहमीसारखे हात जोडले, तो माणूस जायला वळला, आणि काय झालं कुणास ठाऊक, ते ताडकन उठले. "थांब. कड्याला एक आना, म्हाताऱ्याला बरं वाटतंय त्याचा. गोळ्या बंद करायला शून्य. आयकलं का? शून्य!" त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "आन् आता तू सांग. चुकलं तर काय जाईल, आन् कोनाचं जाईल?"

त्यानंतर कुणीही आलं तरी ते आधी हेच विचारत. चुंबकवाल्या पाइपाबद्दल हसून सोडून द्यायचे, "चुकलं तर लोखंडच जातंय." औषधाचं निघालं की आवाज चढायचा. पण पूर्वीची मजा त्यात राहिली नव्हती. आणे सांगून झाल्यावर त्यांची नजर घरात वळायची, कोपऱ्यात उभ्या केलेल्या काकूंच्या कृत्रिम पायाकडे.

गेल्या थंडीत सर्कल झोपेतच गेले. दहाव्याला तालुक्यातून माणसं आली. ज्यांच्या गावाला त्यांनी हवे ते आणे दिले नव्हते, तीही आली.

परवा संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, गोड बोलणारा. त्याच्याकडे मनगटी घड्याळ होतं. सुई न टोचता साखर दाखवतं म्हणाला. "आई, बोट टोचायचं बंद. घड्याळात साखर नॉर्मल दिसली की इन्सुलिनबी बंद." त्यानं स्वतःच्या मनगटावरचा आकडा दाखवला. काकूंनी ते घड्याळ हातात घेतलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की माझ्या ओठांवर आलेलं 'थोतांड' मी गिळलं.

"मास्तर, किती आने?" त्यांनी मला विचारलं.

सर्कल गेल्यापासून तो प्रश्न त्या ओट्यावर कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "घड्याळाचे मला माहीत नाहीत, काकू. मोजावे लागतील. पण त्याच्या भरवशावर इन्सुलिन सोडायला शून्य."

काकूंनी मान हलवली. मग त्या पोराला म्हणाल्या, "बाळा, हे तुज्या हातावर नगं. माज्या हातावर बांध. मी बोट टोचून मशिनीवर बगते, तू घड्याळात बग. मालकानं दावलेला तुकडा आमच्यात कापत न्हाईत."

पोरगं घुटमळलं. घड्याळ काकूंच्या मनगटावर बांधलं गेलं. काकूंनी बोट टोचलं, थेंब पट्टीवर धरला. दोन आकड्यांत एवढं अंतर होतं की तो आधी हसला, मग घड्याळाची सेटिंग बघू लागला, मग चार्जिंग कमी असेल म्हणाला. काकूंनी लुगडं जरासं वर घेऊन आपला कृत्रिम पाय त्याच्यापुढे केला. ओरडल्या नाहीत. "चुकलं तर ह्यो जातो बाळा. आन् माजा आता एकच राह्यलाय."

तो गेल्यावर त्या कितीतरी वेळ रिकाम्या मनगटावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग आत जाऊन सुई भरून घेऊन आल्या. ती भरून द्यायला आणि हात धरायला आता कुणी नव्हतं. मी पुढं होऊन हात दिला, तो त्यांनी घट्ट धरला.

"खरं असतं तर लई बरं झालं असतं, न्हाई का हो मास्तर?" त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून टोचून घेतलं.