वळणावर थांबलेला भाऊ

बेचाळीस साली फौजदार शिपाई घेऊन पारोळ्याला आमच्या घरी थोरल्या भावाला पकडायला आला. मी घाबरलो नाही. तालमीत लाठी शिकवताना वस्ताद सांगत, वार आधी खांद्यात दिसतो, तिथून नजर काढायची नाही. तशीच नजर फौजदारावर ठेवून मी भावासाठी जेवणापुरता वेळ, एक धोतर, तांब्या आणि घोंगडी एवढे मागून घेतले. शिपाई त्याला घेऊन निघाले. फौजदार झडतीसाठी मागे राहिला, म्हणून मी त्याच्यावरच लक्ष ठेवून दारात उभा होतो.

संध्याकाळी आई म्हणाली, "वळणवर उभा ऱ्हाईसन तुनाकडेच दखी ऱ्हायंता ना रे तो!"

पुढे धुळ्याच्या तुरुंगात भाऊ तापाने गेला. वळणावरून माझ्याकडे पाहणारा त्याचा त्या दिवशीचा चेहरा मी पाहिलाच नाही.