कारणाचा रकाना

कळमनुरीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका शिलाईच्या दुकानावरच्या खोलीत आमचं वधू-वर सूचक केंद्र आहे. ते चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. मी डोंगरकड्याहून रोज बसने येते. इथं कामाला लागून मला अकरा वर्षं झाली. सुरुवातीला सगळी स्थळं जाड रजिस्टरांत होती. ती कॉम्प्युटरवर चढवली ती मीच, बोटं दुखेपर्यंत. एकच मोठी फाईल होती. पासवर्ड म्हणजे केंद्राच्या फोनचे शेवटचे चार आकडे, आणि तेही चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलेले.

खरं तर फाईल उघडायची मला फारशी गरजच पडत नसे. कोणाची मुलगी बीएस्सी झाली, कोणाला मेंढरं राखणारं घर चालतं, कोणाला नोकरीवालाच पाहिजे, सगळं मला पाठ होतं. बाई आलेल्या माणसांना सांगायच्या, "हिला विचारा, हिच्या डोक्यात सगळं हाय." ते ऐकायला मिळायचं म्हणून उभ्यानं केलेला बसचा प्रवासही मला जड जात नव्हता.

दोन वर्षांपूर्वी बाईंनी आणखी एक मुलगी कामावर घेतली. माहेर शिरड शहापूरचं, सासर कळमनुरीतच. नांदेडला कॉम्प्युटरचं शिकून आलेली, पंचविशीची. पहिल्याच दिवशी तिनं माझी फाईल उघडून पाहिली आणि विचारलं, "मावशी, ही फाईल उडाली तर?"

"उडायला ती काय चिमणी हाय?" मी म्हणाले. बाई हसल्या. मला बरं वाटलं. पण ती हसली नाही, आणि थोड्या वेळानं बाईही गप्प होऊन तिचं ऐकू लागल्या.

महिनाभरात तिनं सगळं पालटलं. फाईलच्या जागी डेटाबेस आला. त्याची एक प्रत ऑफिसात, एक इंटरनेटवर, आणि एक छोट्या डिस्कवर, जी बाईंच्या घरी कपाटात कुलपात. दर शनिवारी ती प्रत वेगळ्या लॅपटॉपवर चढवून खरंच उघडते का, ते पाहायची. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच, असं ती बाईंना समजावत होती. मी समोर बसून बायोडेटाला टाचण्या मारत होते. हा सगळा देखावा आहे, असं मला वाटत होतं.

मग तिनं चिठ्ठी काढून टाकली. प्रत्येकीला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. माझ्या नावानं आत गेलं की स्थळ दिसायचं, दुरुस्त करता यायचं, पण खोडता यायचं नाही. आणि मुलीचा फोन नंबर थेट दिसायचा नाही. तो पाहायचा तर एका रकान्यात कारण लिहायचं. लिहिलं की नंबर उघडायचा, आणि कोणी, कधी, कशासाठी पाहिला याची नोंद आपोआप राहायची. नऊ वर्षं ज्या मुलींची उंची, शिक्षण, मामाचं गाव मी जिभेवर ठेवलं, त्यांचा नंबर पाहायला मी कारण लिहायचं! त्या दिवशी मला डबा गेला नाही.

त्यातच तिला एकेक मुलगा दोन-दोन, तीन-तीनदा नोंदलेला सापडला. आडनाव कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ, आणि चुका सगळ्या माझ्या. तिनं त्या एकत्र केल्या, यापुढे तोच मोबाईल नंबर दुसऱ्यांदा टाकता येणार नाही अशी व्यवस्था केली, आणि बाईंजवळ चकार शब्द काढला नाही. सांगितलं असतं तर मी भांडले असते, रागावले असते. तिच्या त्या गप्प राहण्यानं मात्र मी आतून करपले.

बाई मला 'लेकरू' म्हणत. आता त्या तिला म्हणू लागल्या. लोकही जिना चढून आले की माझ्यावरून नजर पुढं नेत आणि विचारत, "कॉम्प्युटरवाल्या ताई हायत का?" मी मनात म्हणायचे, एकदा तरी हिचं हे यंत्र बंद पडू दे, बाईंसमोर हिची फजिती होऊ दे.

आठवडी बाजाराचा दिवस होता. ती सासूला घेऊन दवाखान्यात गेली होती, बाई घरी. एक ओळखीचे गृहस्थ आले. यापूर्वी त्यांच्या पुतण्याचं लग्न आमच्याकडूनच जुळलं होतं. आता भाच्यासाठी एका मुलीचा नंबर पाहिजे होता. नियम असा की आधी मुलीच्या घरच्यांना मुलाची माहिती कळवायची, त्यांना वाटलं तर ते फोन करतील. तो नियम मला माहीत नव्हता असं नाही. पण ते म्हणाले, "तुमच्या हातात काई ऱ्हायलं न्हाई का आता?"

त्या एका वाक्यानं मी उठले. कारणाच्या रकान्यात 'कामासाठी' असं लिहिलं, नंबर एका कागदावर उतरवला आणि त्यांच्या हातात दिला. ते जिना उतरले तेव्हा मला फार दिवसांनी हलकं वाटलं.

पंधरा दिवसांनी त्या मुलीचे वडील आले. मुलगी हिंगोलीला नर्सिंग शिकत होती. तिला कोणीतरी सारखे फोन करून राहिला होता, रात्री-बेरात्री मेसेज पाठवत होता, फोटो पाहिलाय म्हणत होता. वडील मोठ्यानं बोलले नाहीत. नाव काढून टाका, एवढंच म्हणाले. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आमच्या कॉम्प्युटरवालीला विचारलं, नंबर कोणी पाहिला ते कळेल का?

तिनं नोंद उघडली. मी तिच्या मागं उभी होते. मला ती ओळ दिसली: माझं नाव, तारीख, दुपारची वेळ, 'कामासाठी'. तिलाही दिसली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "नीट तपासून उद्या सांगते, बाई," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी ती माझ्याबरोबर बसस्टँडपर्यंत चालत आली. म्हणाली, "मावशी, तुमीच सांगा बाईंना. मी सांगितलं तर ती चुगली होईल."

मला तिचा आयुष्यात सर्वांत जास्त राग आला तो तेव्हा. डेटाबेसमध्ये पुढं, बाईंच्या मनात पुढं, आणि आता मोठेपणातही माझ्या पुढं. मी बसमध्ये चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना सांगितलं. भाच्याचं, कागदाचं, आणि काहून दिला तेही. बाईंनी त्या गृहस्थांना फोन लावून खडसावलं, आणि मला म्हणाल्या, "मुलीला भेटून ये. फोनवर न्हाई, समोर जाऊन."

मी हिंगोलीला गेले. होस्टेलच्या बाहेर बाकावर ती मुलगी बसली होती, पांढऱ्या ड्रेसमध्ये. मी माफी मागितली. तिनं शांतपणे विचारलं, "नंबर मी तुमाला दिला होता. तुमी त्याला काहून दिला?"

दुसऱ्या एका मुलीचा हेवा वाटला म्हणून, हे तिला कसं सांगणार? तिनं सिम बदललं, आणि नवा नंबर आमच्याकडं नोंदवला नाही. पुढं तिचं लग्न दुसरीकडून जमलं. आम्हाला पत्रिका आली नाही.

तीन महिने माझ्याकडून नंबर पाहायची परवानगी काढून घेतली होती. नंतर ती परत मिळाली. आता मी कारण पूर्ण लिहिते: कोणाच्या सांगण्यावरून, मुलीच्या घरचं कोण हो म्हणालं, सगळं. लिहिताना मध्येच बोट थांबतं आणि कधीकधी मी नंबर न उघडताच स्क्रीनवरची खिडकी बंद करते.

मागच्या उन्हाळ्यात ऑफिसातला कॉम्प्युटर खरंच जळाला. तिनं दुसऱ्या लॅपटॉपवर प्रत चढवली आणि चहा थंड व्हायच्या आत सगळी स्थळं जागेवर आली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी पाहत होते. तो हेवा तसाच होता, पहिल्या दिवसासारखाच. एवढं सगळं होऊनही त्यात काही कमी झालं नव्हतं. मी तिला म्हटलं, "मला शिकव हे." तिनं खुर्ची सरकवून जागा करून दिली. ती किती सहज सरकली, याचाही मला हेवा वाटला.