आईची बॅग मी भरली

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी लाजत सांगत नाही. विमानात बसलेलाही पहिला मीच. कंपनीच्या ट्रेनिंगला दोनदा जाऊन आलो. त्यामुळे आमच्या खर्डा गावाच्या आसपास कुणाला विमानतळावरचं काही विचारायचं असलं की माणसं माझ्याकडे येतात. आईला आखातात बहिणीकडे पाठवायचं ठरलं, तेव्हा बॅगेला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

बहिणीचं पहिलं बाळंतपण. रीतीनं ते माहेरी व्हायचं. पण डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हणून सांगितलं, मग माहेरच तिच्याकडे निघालं. आई एकटी जाणार होती.

मी यादी केली. कातरी, सुई, नेलकटर मोठ्या बॅगेत. तेलाची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून तीही मोठ्या बॅगेत. हातातल्या पिशवीत पासपोर्ट, तिकीट, तिच्या बीपीच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी. बॅग अंगणात कापूस मोजायच्या ताणकाट्याला टांगली. वजन जादा भरलं, तर बाळाची एक गोधडी काढून ठेवली. डिंकाच्या लाडवांचा डबा आईनं माझ्या हातात दिला. मी झाकणाला चिकटपट्टी लावून तो कपड्यांत मधोमध बसवला. लाडवांत काय काय घातलंय ते विचारलं नाही. आमच्याकडे बाप्या माणूस चुलीपाशी तोंड घालत नाही, आणि लाडू म्हणजे लाडू, त्यात विचारायचं काय?

आठ दिवस रोज तपासणीचा ट्रे म्हणून परात पुढं ठेवून मी तिचा सराव घेतला. मोबाईल बंद करून परातीत. पिशवी परातीत. हात पसरून उभं राहायचं, हसायचं नाही. फोन एकदा बंद केला की उतरेपर्यंत चालू करायचा नाही. आणि बॅगेत भलतंसलतं काही आहे का असं कुणी विचारलं, तर एकच शब्द, नाही. मास्तरापेक्षा तूच वाईट, असं ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आन् खरंच काय असलं तर?"

"बॅग मी भरलीया ना?" मी म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पहाटे निघून दुपारी मुंबईच्या विमानतळावर पोचलो. मला काचेच्या बाहेरच थांबावं लागलं. आतून तिचा फोन आला. बॅग पट्ट्यावरून गेली, आता तपासणीला चालले, फोन बंद करते. आवाज अगदी निवांत होता. माझी छाती फुगली. मी लगेच बहिणीला फोन लावला आणि आई कशी झटक्यात आत गेली ते सांगितलं. तुझे लाडूही येताहेत म्हणालो.

तिनं माझं बोलणं मधेच तोडलं.

"दादा, आईनं लाडवात खसखस घातली असंल का?"

"घालतीच की ती."

"इथं खसखस चालत न्हाई, दादा. अफूत धरतात. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईचा नवरा मसाल्याच्या पुडीपायी अजून आतच हाय."

आईला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मी सांगितलेलं ती तंतोतंत पाळत होती.

विमान कंपनीची एक खिडकी बाहेरच होती. तिथल्या बाईंना मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी तिकिटाचा नंबर घेतला, आत फोन केला, आईला फोनपाशी बोलवायला सांगितलं, बराच वेळ ऐकत राहिल्या. विमान सुटायला तास उरला होता. मग रिसीव्हरवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुमच्या आई तर बॅगेत असलं काहीच नाही म्हणतात. तीनदा विचारलं."

मी हात पुढं केला. त्यांनी रिसीव्हर दिला.

"आई, मी बोलतोय. लाडवात खसखस हाय म्हणून सांग त्यांना."

"तूच म्हणला हुतास, न्हाई म्हणायचं."

"आता व्हय म्हण. डबा काढून दे."

तिनं का म्हणून विचारलं नाही. मग फोन कुणीतरी तिच्याकडून घेतला. बॅग परत वर आणली, डबा काढला, बॅग पुन्हा खाली गेली, असं आतून कळत गेलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, आणखी काही आहे का तसलं? मी यादी घडाघडा म्हणून दाखवली. त्या म्हणाल्या, लाडूही यादीत होतेच ना?

मी घरी निघालो नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. विमान उतरायची वेळ झाली, टळली. दाजी तिकडं विमानतळाच्या दारात उभे होते, त्यांचा मेसेज आला की माणसं बाहेर पडताहेत, आई दिसत नाहीत. अर्ध्या तासानं तोच मेसेज पुन्हा आला. त्यानंतर त्यांनी काही कळवलं नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

शेवटी बहिणीच्या फोनवरून आई बोलली. घरी पोचले होते. तिकडच्या तपासणीवाल्यांनी तिला बाजूला घेऊन पिशवी उपडी केली, झटकली, बोट फिरवून बघितलं, मग सोडलं म्हणाली.

"पिशवीत काय सापडणार हुतं?" मी म्हणालो. "लाडू तर काढले हुते."

"पिशवीत बी खसखस हुती की," ती म्हणाली. "पोरीला झोप लागंना म्हणून मूठभर पुरचुंडीत बांधून घेतल्ती, तुला न इचारता. तुझा फोन झाल्यावर तिथल्या संडासात जाऊन सांडली."

"मग त्यांना का न्हाई सांगितलंस?"

"तू लाडवातली सांग म्हणलास. आन् तुझा आवाज असा हुता, की आनखी काय सांगायची भीतीच वाटली."

खसखशीचा दाणा चिमटीतसुद्धा नीट येत नाही. कापडाच्या शिवणीत किती बसत असतील, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पलीकडे फोन ठेवायच्या आधी ती बहिणीला सांगत होती, चहा राहू दे, पहिलं पानी तापव, पिशवी धुवायचीय.