डिकीतला रंग

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, त्या जुन्या गाडीला तू दुसऱ्या मेकॅनिकला हात का लावू देत नाहीस?" मी आमटी उतू जातेय म्हणून फोन ठेवला. आमटी केव्हाच उतरवून झाकली होती. खरं उत्तर तोंडाने देववत नाही, म्हणून लिहिते.

गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करणाऱ्या आमच्या वायरमनइतकं गाडीचं म्हणणं ऐकून घेणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये झाला नाही. मी पानांवर खुणा करून मॅन्युअल न्यायची. ते मला हातानेच थोपवायचे आणि डोळे मिटून, डॅशबोर्डला कान लावून इंडिकेटरची टिकटिक ऐकायचे. "बाई, तुमी नंतर बोला. आधी तिला बोलू द्या." टिकटिक भरभर चालली की म्हणायचे, "धाप लागलीय. मागचा दिवा पेटत नाय." मध्येच कुणी हॉर्न वाजवला, तर शुभकार्यात शिंकल्यासारखं त्याच्याकडे बघायचे. करंट तपासायचा बल्ब दोन वायरींसकट कायम गळ्यात. शिरढोणला एका हळदीत तो मी इस्त्रीच्या सदऱ्यावरही पाहिला, आणि मांडवातली विझलेली माळ त्यांनी जेवणाआधी पेटवलीही. स्वतःच्या स्कूटरचे इंडिकेटर ठणठणीत, तरी वळताना हात बाहेर. "दिवा फसवंल, हात नाय."

माझ्या गाडीचा मागचा उजवा इंडिकेटर त्यांनी असाच बरा केला. डिकीच्या आत रुपयाएवढा रंग खरवडला आणि उघड्या पत्र्यावर काळी वायर स्क्रूने आवळली. ते उघडं वर्तुळ माझ्या डोळ्यांत खुपू लागलं. डाळीच्या डब्यांना लेबलं लावणारी बाई मी! स्क्रू काढला, राखाडी रंगाचे दोन हात दिले, वाळल्यावर वायर होती तशी बसवली.

दोन दिवसांनी उजवीकडे वळताना मागची रिक्षा अंगावर येता येता थांबली. "मावशी, सिग्नल द्यायला काय जातं?"

मी तडक दुकानात. चार गिऱ्हाइकं उभी होती. "नुसतं ऐकता येतं तुम्हाला, काम येत नाही. पाटी उतरवा!" नवी जीप घेऊन आलेल्या गृहस्थांनी टेबलावरची आपली किल्ली हळूच परत उचलली.

वायरमननी डिकी उघडली. रंग पाहिला. मग माझ्या अंगठ्याचं नख पाहिलं. कडेला राखाडी राहिला होता. वीज पत्र्यातून परत जाते, रंगातून जात नाही. एवढं शिकून मला ते सुचलं नव्हतं. "माझंच चुकलं, वायर ढिली रायली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि पाठ करून रंग खरवडू लागले. जीपवाले अजून दारातच होते. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

आठवड्याने जाऊन कबूल केलं. दुकानात कुणी नव्हतं; मी तशीच वेळ निवडली होती.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "रंग मात्र झकास मारला बाई. कामाला येता का?"

दोघेही हसलो. माझं हसू आधी संपलं. जीपवाले परत आले नाहीत. त्यांनी आणखी कुणाकुणाला सांगितलं, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.

दुकान रस्तारुंदीकरणात गेलं. वायरमन आता आपटा गावी मुलीकडे असतात. त्यांनी आवळलेला स्क्रू अजून जागेवर आहे. उजवा इंडिकेटर लागतो.