परतफेडीची थप्पी

आर्वो किन्नुनेनच्या छपरीत पुढच्या दोन हिवाळ्यांचं सरपण उभं नसलं, की त्याला अन्न गोड लागत नसे. पुढची थप्पी येत्या हिवाळ्याची. वर्षभर वारा खाल्लेली, दोन लाकडं एकमेकांवर आपटली तर खणखण वाजणारी. मागची थप्पी त्याच्या पुढच्या हिवाळ्याची, अजून ओली, सालीखाली घामेजलेली. हिवाळ्यात पुढची जळून जायची, वसंतात मागची पुढं यायची, आणि आर्वो पुन्हा करवत घेऊन मॅपलच्या रानात शिरायचा. लग्न झाल्यापासून हा क्रम चुकला नव्हता. पोरं झाली, तांब्याची खाण बंद पडली, निम्मं गाव उठून डेट्रॉइटच्या कारखान्यांत गेलं, पण किन्नुनेनच्या छपरीत दोन थप्प्या उभ्या त्या उभ्याच.

कीवीनॉ द्वीपकल्पाच्या त्या टोकाला सरोवरावरनं बर्फ यायला लागला, की खिडक्या बुजल्याशिवाय थांबत नाही. आर्वोनं उमेदीची सगळी वर्षं तिथल्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलण्यात घालवली. मोठा फाळ लावलेला सरकारी ट्रक, शेजारच्या सीटवर कॉफीचा थर्मास, आणि पुढं पांढरं आंधळं. नोकरी संपली तेव्हा लोकांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यानं ते नेऊन सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, टांगलं. वाफेनं ते आठवड्यातच बंद पडलं. "बरं झालं," आर्वो म्हणाला, "अंघोळीला कशाला टाइम बघायचा?"

बोलणं कमी. जे होतं त्यातलं बरंचसं गाड्यांना आणि हवामानाला शिव्या देण्यात खर्च व्हायचं. घरातलं बोलणं त्याची बायको सिल्वी करायची, दोघांच्या वाटणीचं. सिल्वीची छाती मात्र नाजूक. ओलं लाकूड चुलीत धुमसलं, की तिला अशी धाप लागायची की रात्रभर उशीला टेकून बसावं लागायचं. त्यामुळं वाळकं सरपण ही आर्वोची नुसती हौस नव्हती. चुलीतला जाळ स्वच्छ, तर सिल्वीचा श्वास स्वच्छ, असा साधा हिशेब होता. धुराड्यात काजळी धरली नाही पाहिजे आणि बायकोच्या छातीत घरघर झाली नाही पाहिजे, एवढ्यासाठी तो माणूस वर्षभर राबायचा, आणि त्यातच त्याला सुख होतं.

शेजार तौनो हिलचा. मध्ये देवदाराची एक पट्टी, पलीकडं तौनोचं पिवळं घर. तौनो जुन्या वळणाच्या चर्चचा, कट्टर. रविवारी तो बटाटासुद्धा सोलत नसे. शनिवारी सोलून पाण्यात टाकायचा. आर्वो लग्नाला आणि मयताला सोडून चर्चची पायरी चढायचा नाही. तरी दोघांचं जमायचं, कारण दोघंही एकमेकांना काही विचारत नसत.

गेल्या हिवाळ्यात तौनोच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि त्याचं सरपण ऐन फेब्रुवारीत संपत आलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण आर्वोला खिडकीतनं तौनोचं धुराडं दिसायचं. धूर दिवसेंदिवस बारीक होत चालला, आणि एक दिवस दुपारी दिसेचना. आर्वोनं बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइलला गाडा जोडला. आपल्या चालू थप्पीत जेमतेम होतं, म्हणून त्यानं मागच्या, पुढल्या सालासाठी ठेवलेल्या, अर्धवट वाळलेल्या थप्पीचं टोक मोडलं आणि खेपा टाकल्या. तौनो काठी टेकत दारात आला.

"हे परत करनार मी," एवढंच म्हणाला.

"बर्फ वितळू दे आधी," आर्वो म्हणाला, आणि गेला.

उन्हाळाभर देवदारांच्या पलीकडनं तौनोच्या लाकूड फोडायच्या यंत्राचा आवाज यायचा. पाठीला पट्टा बांधून, स्टुलावर बसून, डॉक्टरला न सांगता तो एकेक ओंडका फोडत होता. आर्वोला कळत होतं ते कुणासाठी चाललंय. नको म्हणायला जावं, तर तौनो महिनाभर बोलला नसता. म्हणून आर्वो त्या आवाजाकडं पाठ करून आपलं काम करायचा. ती मोडक्या टोकाची थप्पी आता येत्या हिवाळ्याची झाली होती. तिच्यात पडलेलं खिंडार रानात उभ्या उभ्याच वाळलेल्या झाडांनी भरून काढायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

ऑक्टोबरात थोरल्या लेकीकडं, मार्केट शहरात, नातीचा बाप्तिस्मा होता. दोघं गेली, केक खाऊन, फोटो काढून परतली. गाडी अंगणात वळली तशी सिल्वी ओरडली, "आर्वो! बघ की रं!"

खिंडार भरलेलं होतं. नुसतं भरलं नव्हतं. सगळी थप्पी उतरवून नव्यानं रचली होती. ओळंबा लावल्यागत सरळ. जाड लाकूड खाली, बारीक वर.

"देवा शपथ," सिल्वी म्हणाली, "तुझ्यापरास झ्याक रचलीय."

आर्वो हसला. गाडीतनं उतरून थप्पीजवळ गेला, वरची दोन लाकडं घेतली आणि एकावर एक आपटली. खण्ण. मग खालचं एक ओढून आपटलं. थप्प. जणू कणकेच्या गोळ्यावर बुक्की मारली. दुसरं ओढलं. थप्प. तिसरं खणखणलं, चौथं पुन्हा मुकं. आर्वोच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्यातला जीव गेला.

"काय झालं?"

"ओलं हाय. समदं मिसळलंय."

संध्याकाळी पोस्टातल्या बाईकडनं कळलं. तौनोला पाठीमुळं रचणं जमेना, तेव्हा चर्चच्या तरण्या पोरापोरींनी सगळ्यांनी मिळून हात लावायचं ठरवलं. ट्रेलर भरभरून सरपण आणलं, गाणी म्हणत रचलं. पोरं हॅंकॉक गावात गॅसच्या शेगडीवर वाढलेली, त्यांना ओलं-वाळकं काय कळणार. तौनोनं त्यांना एकच बजावून सांगितलं होतं: ज्या जागेवरनं आणलं, त्याच जागी परत ठेवायचं. देणं फेडायचं तर इंचावर इंच फेडायचं, असा त्याचा बाणा. आणि थप्पी जरा कललेली दिसली, म्हणून पोरांनी प्रेमानं सगळीच उतरवून नीट केली.

"मग जाऊन सांग की त्याला," सिल्वी म्हणाली.

"काय सांगू? उन्हाळाभर पाठ मोडून फोडलंस, ते माझ्या उपेगाचं न्हाई म्हनून?"

"मग मी धूर खात बसू व्हय वसंतापतुर?"

"तू कशाला खातीस? मी निवडतो."

"कवा? त्यो दिसभर खिडकीत बसलेला असतोय. तू थप्पीला हात लावलास की त्याला दिसनार. आन् दुसऱ्यानं रचलेली थप्पी पाडायची म्हंजी त्याच्या थोबाडीत मारल्यागत हाय. तुझी कुनी पाडली, तर तू काय करशील?"

 आर्वोला उत्तर ठाऊक होतं. एकदा मेव्हण्यानं त्याची थप्पी हलवली होती, त्या मेव्हण्याला आर्वोनं ख्रिसमसला बोलावणं सोडून दिलं होतं.

आठवडा असाच गेला. आभाळ खाली उतरत चाललं, सरोवराचा रंग शिशासारखा झाला. रेडिओवाला रोज बर्फाचं भाकीत करायचा आणि आर्वो रोज रेडिओवाल्याचा उद्धार करायचा. सकाळी चूल पेटवताना वाळकी लाकडं नेमकी ओढून काढायचा प्रयत्न केला, तर थप्पी डुगडुगायला लागली. एकदा अंदाज चुकून एक ओलं चुलीत गेलं. ते सू सू करत टोकांनी फेस काढत बसलं, आणि सिल्वी खोकत खोकत अंगणात जाऊन उभी राहिली. आत आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. ती काही बोलली नाही. हेच आर्वोला जड गेलं. सिल्वी बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

"रविवारी," तो म्हणाला.

रविवारी तौनो आणि त्याची बायको औने सकाळी चर्चला जायची ती दुपार उलटल्यावर परतायची. तिथली प्रवचनं लांबच लांब. त्यात पाहुणा प्रवचनकार असला तर मग विचारूच नका. तौनोची गाडी वळणापलीकडं गेली तसा आर्वो छपरीत शिरला. थप्पी वरनं उतरवायची, प्रत्येक लाकूड वाजवायचं, वाळकं डावीकडं, ओलं उजवीकडं. सिल्वीनं डोक्याला रुमाल बांधला आणि तीही आली.

"तू जा आत. धूळ हाय."

"धूळ चालती मला, धूर चालत न्हाई."

खण्ण, थप्प, खण्ण, खण्ण, थप्प. दोघांचे हात चालायला लागले आणि हळूहळू अंगात ऊब आली. सिल्वीला गाणं सुचलं. आर्वोला वाटलं, जमतंय. थप्पी निम्मी उतरली होती, उजवीकडं ओल्या लाकडांचा ढीग लागला होता, आणि तेवढ्यात अंगणात चाकांखाली खडी वाजली.

पाहुण्या प्रवचनकाराचा घसा बसला होता. चर्च लवकर सुटलं, आणि रस्त्यावरनं छपरीत हालचाल दिसली तशी तौनोनं गाडी आत वळवली.

तौनो गाडीतनं उतरला. काळा कोट, पांढरा सदरा, केस पाण्यानं चापून बसवलेले. मागनं औने उतरली आणि छपरीतला प्रकार बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

"आज रविवार हाय, आर्वो!"

"व्हय," आर्वो म्हणाला. आणखी काय म्हणणार?

तौनो औनेकडं बघत नव्हता. तो पाडलेल्या थप्पीकडं बघत होता. 

"वाकडी लागली व्हती का?" त्यानं हळू विचारलं.

"न्हाई, न्हाई. सरळच व्हती."

"मग?"

आर्वो उभ्या आयुष्यात फार खोटं बोलला नव्हता, त्यामुळं त्याचा हात बसला नव्हता. "मुंगूस शिरलं व्हतं," तो म्हणाला.

"मुंगूस?"

"मंजी... मुंगसागत कायतरी. त्यो पांढरा. शेपटीवाला."

सिल्वीनं रुमालाचं टोक दातात धरलं. तौनोनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा दोन ढिगांकडं. मग वाकला. पाठीत कळ आली ते दिसलं, पण वाकला, आणि उजव्या ढिगातली दोन लाकडं उचलून एकावर एक आपटली.

थप्प.

डाव्या ढिगातली दोन उचलली.

खण्ण.

तो तसाच उभा राहिला, हातात लाकडं धरून. आर्वोला वाटलं, आता हा लाकडं टाकून निघून जाणार, आणि उद्यापासनं देवदारांच्या पलीकडं दुसरा देश. पण तौनोचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं कळ येतीय. मग आवाज फुटला. तौनो हसत होता. त्याला हसताना आर्वोनं शेवटचं कधी बघितलं होतं ते त्याला आठवेना.

"ज्या जागी व्हतं त्या जागी ठिवा म्हनालो पोरास्नी," तौनो म्हणाला. "ठिवलं की लेकरांनी! बरोब्बर ठिवलं! काय गाढव मानूस हाय रं मी."

"तू न्हाईस," आर्वो म्हणाला.

"मग कोन? मुंगूस?"

आता सिल्वीला रुमाल पुरेना.

तौनोनं कोट काढला, घडी घालून गाडीच्या टपावर ठेवला आणि बाह्या सारल्या.

"तौनो!" औने किंचाळली. "रविवार!"

"मी काम करत न्हाई. माझी घान काढतोय."

"पाठ?"

"पाठ रविवारची सुट्टीवर असती. तू आत जा आन् सिल्वीला कॉफी टाकायला मदत कर. कॉफी टाकनं पाप न्हाई, ते तर तू रोज करतीस."

औनेनं आभाळाकडं बघितलं. तिथनं काही आलं नाही. मग तिनं कोट टपावरनं उचलला, झटकला, नीट हँगरला लावायला म्हणून आत घेऊन गेली.

तौनो स्टुलावर बसला. आर्वो लाकूड हातात द्यायचा, तौनो वाजवून सांगायचा, आर्वो बाजूला टाकायचा.  मध्येच एखादं लाकूड धड खणखणायचं नाही की धड मुकं राहायचं नाही, तेव्हा दोघांची वादावादी व्हायची आणि तौनो ते नाकाला लावून निकाल द्यायचा. आतनं वेलदोड्याच्या पावाचा वास आला. सिल्वी दारात येऊन ओरडली, "लाकूड हुंगून पोट भरलं आसंल तर चला!"

अंधारायच्या आत वाळकी थप्पी पुन्हा उभी राहिली. आर्वोनं रचली, तौनोनं टोकं बघितली आणि काही बोलला नाही, म्हणजे पसंत पडली. ओलं सगळं मागच्या थप्पीवर चढलं. पण वाळक्या थप्पीत खिंडार पुन्हा दिसायला लागलं, फेब्रुवारीतल्या खेपांएवढं.

"मार्चात कमी पडनार तुला," तौनो म्हणाला.

"बघू. दलदलीकडनं उभी वाळलेली तोडतो उद्या."

"माझ्याकडं हाय तोडून ठिवलेली. किड्यानं मेलेल्या ॲश झाडांची. हाडागत वाळलीय. माझ्या गरजेपरास जास्त हाय."

आर्वोच्या जिभेवर "नको" आलं. तिथंच असायचं ते, नेहमी. त्यानं छपरीतनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघितलं. आत सिल्वी औनेला काहीतरी सांगत होती, दोन्ही हात उडवत, श्वास न घेता, मोकळ्या छातीनं.

"आन," तो म्हणाला. शब्द अवघड होता, पण निघाला.

सोमवारी सकाळी बर्फाची पहिली भुरभुर सुरू झाली तेव्हा तौनोचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला. तौनो खुर्ची टाकून बसला आणि हुकूम सोडायला लागला. आर्वोनं लाकडाला हात लावला तसा तो खेकसला, "तू बाजूला हो. हे माझं देनं हाय."

आर्वो बाजूला झाला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. खिशात घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले. सिल्वीनं कॉफीचा कप आणून दिला तेव्हा कुठं त्यांची सोय लागली. पुतण्यानं एक लाकूड जरा तिरकं ठेवलं. आर्वोनं तोंड उघडलं, कॉफीचा घोट घेतला आणि तोंड मिटलं. सिल्वी त्याच्या शेजारी उभी राहिली. धुराड्यातनं वर जाणारा धूर इतका पातळ होता की बर्फात तो दिसतही नव्हता.