म्हाताऱ्याचा गाल

त्या सलूनवाल्याला गिऱ्हाइकं 'मखमल' म्हणत. त्याचा वस्तरा गालावरून फिरून गेला तरी माणसाला पत्ता लागत नसे. काही जण तर खुर्चीतच घोरू लागत आणि मागचा नंबरवाला चडफडत बसे. स्वभावानंही गडी मखमलीच. बायको म्हणायची, "यांच्याशी भांडायचं तरी कसं? एका हातानं कधी टाळी वाजते होय?"

मग एका सकाळी दुकानाचं शटर वर सरकवून तो आत शिरत होता, तोच ते सटकलं आणि त्याच्या कपाळावर आदळलं. टाके पडले, सूज उतरली, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण संकट टळलं नव्हतं, ते घरात मुक्कामालाच आलं होतं. नळ ठिबकला, दूध उतू गेलं, मुलीनं पहिल्या हाकेला ओ दिली नाही, अशा कशानंही त्याच्या डोक्याचा भडका उडू लागला. ताटं भिंतीवर जाऊ लागली. एकदा त्यानं बायकोचं मनगट असं पिरगळलं की कितीतरी दिवस ते पट्टीत बांधून ठेवावं लागलं. नंतर तो कोपऱ्यात बसून ढसाढसा रडे. ते रडणं माराहून वाईट, कारण त्यामुळे त्या बाईला धड रागावताही येत नसे.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "मेंदूत खोलवर एक धोक्याची घंटा असते. ती सगळ्यांचीच वाजते. कपाळामागे एक राखणदार असतो. तो म्हणतो, अरे, नुसतं दूध उतू गेलंय, घर नाही पेटलं. तुमच्या राखणदाराला मार लागलाय."

"म्हणजे गेलाच का तो?" बायकोनं विचारलं.

"नाही. पण त्याला पुन्हा कामाला लावायला हवं. रोज थोडा वेळ बसायचं. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच बघायचं. मन पळालं तर पळू दे, न ओरडता परत आणायचं. आणि हे शांत असताना करायचं. शांत असताना, लक्षात ठेवा."

मखमल दोन दिवस डोळे मिटून बसला. तिसऱ्या दिवशी त्याला श्वासाचाच राग आला.

इलाज शोधला तो त्याच्या बापानं. म्हातारा जन्मभर याच धंद्यात होता. हात कापायला लागला तेव्हा त्यानं वस्तरा पोराच्या हाती दिला आणि स्वतः घरी बसला. एका संध्याकाळी पोरगा सुनेच्या अंगावर धावून गेला, तेव्हा म्हाताऱ्यानं स्टूल ओढलं, दोघांच्या मधोमध मांडलं, त्यावर बसला आणि हनुवटी वर केली.

"दाढी कर माझी."

"आत्ता?"

"गाल खाजतोय. कर म्हणतो ना!"

बापाचा शब्द मोडायची सवय नव्हती. मखमलनं धुसफुसत पाणी घेतलं, फेस केला, वस्तरा उघडला. पहिला हात फिरला आणि त्याचे खांदे उतरले. दुसऱ्या हाताला जबडा सैल झाला. पातं, फेस, केसांची दिशा, यापलीकडे जगात काही उरलं नाही. तुरटी फिरवेपर्यंत तो पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती आणि तिला हुंदका आवरेना.

तेव्हापासून घराची ती रीतच झाली. मखमलचा जबडा आवळलेला दिसला की मुलगी गॅसवर पाणी चढवी आणि आजोबा स्टूल ओढत. कधी दिवसाआड, कधी एकाच दिवसात तीनदा. आता म्हाताऱ्याच्या गालावर एवढी दाढी उगवणार कुठून? केस संपले की पातं कातडीवर चालायचं. सून म्हणायची, "मामंजी, आज राहू द्या हो. सालपटं निघालीत."

"निघू देत. मला काय आता बघायला येणार आहेत का कुणी?" म्हातारा हसे, आणि हसताना गाल चुरचुरला की डोळे मिटून घेई.

डॉक्टरीणबाईंकडे जाणं बंद पडलं. गुण आला होता ना! शांत असताना बसायचं, हे तर कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. धडधाकट असताना औषध कोण घेतो? तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे सगळ्यांना ठाऊक असतं. या घरानं मात्र रोज तेच केलं, आणि खणली ती म्हाताऱ्याच्या गालावर. यात दुष्ट कुणीच नव्हतं. सगळ्यांना फक्त आजचा दिवस निभावून न्यायचा होता.

एका दुपारी म्हातारा आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याला न्यायच्या आधी मखमल म्हणाला, "थांबा. मला बाबांची दाढी करायचीय."

"अहो, सकाळीच केलीत की," बायको हळूच म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. फेस लावला, वस्तरा टेकवला. कापायला काहीच नव्हतं. मग पहिल्यांदाच त्याची नजर केसांवरून उठून कातडीवर गेली. जबड्याखाली ओली जखम होती. कानाजवळ खपली होती, तिच्या शेजारी जुनी खपली निघाल्याचा डाग होता. दोन्ही गाल सोलल्यासारखे लाल होते.

"हे कधीपासून?"

मुलगी म्हणाली, "खूप दिवसांपासून, बाबा."

एवढे दिवस त्याचं सगळं लक्ष पात्यावर होतं, पात्याखालचा बाप त्याला दिसलाच नव्हता. त्यानं फेस ओल्या फडक्यानं टिपून घेतला आणि वस्तरा मिटला.

सांत्वनाला येणाऱ्यांची रीघ थांबली आणि त्याच आठवड्यात नळ ठिबकला. एवढंच निमित्त. मखमलनं बादली भिंतीवर आपटली आणि तो बायकोकडे वळला. मुलीनं सवयीनं पाणी चढवलं. बायकोनं म्हाताऱ्याचं स्टूल ओढलं, त्यावर बसली, स्वतःच्या गुळगुळीत गालाला फेस फासला आणि डोळे मिटून हनुवटी वर केली.

"करा," ती म्हणाली.

त्यानं वस्तरा उघडला. तिच्या गालापर्यंत नेला. पातं टेकवण्याआधी त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं डोळे उघडले नाहीत, फक्त तिच्या गळ्यात आवंढा वर गेला आणि खाली आला. तो त्याला दिसला. तिची भीती दिसली, ती दिसली.

वस्तरा मिटून तो मुलीला म्हणाला, "मी बाहेर पडलो की आतून कडी लाव. मी कितीही ओरडलो तरी उघडू नकोस."

आता तो दुकानातच झोपतो. डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेला तेव्हा त्यांनी विचारलं, "शांत असताना किती बसलात?" "दोनच दिवस," तो म्हणाला. आता रोज सकाळी शटर उघडण्याआधी तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत रिकाम्या हातांनी बसतो. श्वास येतो, जातो. चमत्कार काही झालेला नाही. राग येतोच, कधीकधी मात्र तो उंबऱ्यावरच ओळखू येतो, कधीकधी नाही.

संध्याकाळी तो घराच्या दारावर टकटक करतो. आतून बायको विचारते, "आज कसं आहे?" खरं सांगायचं, एवढी एकच अट तिनं घातली आहे. तो "बरं आहे" म्हणाला तर कडी निघते. काल तो दारापासून एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, "आज नको."

दार वीतभर उघडलं. आधी म्हाताऱ्याचं स्टूल बाहेर आलं, मग जेवणाचं ताट. कडी पुन्हा लागली. तो स्टुलावर बसून जेवू लागला. आत गॅसवर पाणी उकळत असल्याचा आवाज येत होता. मुलीची सवय अजून गेलेली नाही.